उन्हात रेडिओ सरकतो, मोबाइल का सरकत नाही?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळचा शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. सकाळी नीट लावलेलं स्टेशन दुपारपर्यंत सुटतं, काटा जरा फिरवला की पुन्हा सापडतं. मोबाइल त्याच उन्हात खिशात तापतो, तरी त्याचं काही बिघडत नाही. मोबाइलमधले फिल्टर तापमान बदललं की आपले आपण जुळवून घेतात असं वाचलं. हे खरं आहे का? आणि आपण सरकलो हे त्यांना कळतं तरी कसं?
– एक वाचक, अकोला

उत्तर : खरं आहे, पण मोबाइलमधल्या सगळ्याच फिल्टरांच्या बाबतीत नाही. आधी तुमच्या रेडिओकडे बघू, कारण रोग तिथे उघड दिसतो.

रेडिओतली कॉइल आणि गँग कंडेन्सर मिळून एक ठरावीक फ्रिक्वेन्सी निवडतात. उष्णतेने कॉइलची तार प्रसरण पावते, तिच्या गाभ्याचे गुण बदलतात, गँगच्या पट्ट्यांमधलं अंतर बदलतं. समजा, कॉइलचा इंडक्टन्स आणि कंडेन्सरचा कपॅसिटन्स यांचा गुणाकार दर अंशाला दहा हजारांत एक भाग वाढला. फ्रिक्वेन्सी त्याच्या निम्म्याने उतरते, म्हणजे वीस हजारांत एक भाग. १० मेगाहर्ट्झवर हे ५०० हर्ट्झ झाले, आणि तापमान २० अंशांनी चढलं तर तब्बल १० किलोहर्ट्झ. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या पटीत मांडलेली असतात. अकोल्याच्या मे महिन्यात सकाळचं स्टेशन दुपारी टिकणार कसं?

यात एक बारकावा आहे. स्टेशन जागा सोडतं ते मुख्यतः रेडिओतला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारा भाग, सरकल्यामुळे. फिल्टर सरकला तर स्टेशन काट्यावर तिथेच राहतं, पण आवाज क्षीण होतो आणि नको ती स्टेशनं आत घुसतात. दोन्हींत कॉइल आणि कंडेन्सरच असल्याने दुखणं सारखंच.

जुन्या मेकॅनिक मंडळींनी यावर सुरेख तोड काढली होती. ‘एन ७५०’ जातीच्या सिरॅमिक कंडेन्सरचा कपॅसिटन्स तापल्यावर वाढण्याऐवजी दर अंशाला दहा लाखांत ७५० भागांनी कमी होतो. तो मुख्य कंडेन्सरला बेताच्या प्रमाणात जोडला की कॉइलची वाढ आणि याची घट एकमेकींना खातात. तो कॉइलच्या जवळच बसवायचा, कारण दोघं एकाच वेगाने तापली तरच हिशेब जुळतो. लांब बसवला तर रेडिओ आधी एका बाजूला सरकतो आणि मग सावकाश परत येतो.

मोबाइलच्या टॉवरवरच्या फिल्टरातही हीच युक्ती असते. तो ॲल्युमिनियमचा पोकळ डबा असतो आणि ॲल्युमिनियम दर अंशाला दहा लाखांत साधारण २३ भाग प्रसरण पावतं. थंडीतल्या रात्री १० अंश आणि उन्हात तापलेल्या डब्यात ७० अंश धरले, तर १८०० मेगाहर्ट्झचा निव्वळ ॲल्युमिनियमचा फिल्टर जवळजवळ अडीच मेगाहर्ट्झ खाली येईल. म्हणून आतले दांडे आणि ट्यूनिंगचे स्क्रू वेगळ्या धातूंचे घेऊन हा फरक मारतात. कुठे इन्व्हार वापरतात. ३६ टक्के निकेल असलेलं हे पोलाद जेमतेम प्रसरण पावतं. ते शोधणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांना १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमच्या मोबाइलमधले अँटेनाजवळचे बरेचसे फिल्टरही याच पंथाचे. त्यांत विद्युत लहरीची ध्वनिलहर करून ती स्फटिकाच्या पृष्ठभागावरून धाववतात. स्फटिक तापला की लहर मंदावते. त्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा पातळ थर देतात. बहुतेक पदार्थ तापल्यावर मऊ पडतात, हा मात्र थोडा ताठ होतो. हे फिल्टर स्वतःला मोजत नाहीत. ते ज्या पट्ट्याचे, त्याच पट्ट्याचे राहतात.

तुम्ही वाचलेले फिल्टर त्यापुढे, चिपच्या आत असतात. सिलिकॉनवरचा रेझिस्टर किंवा कंडेन्सर कारखान्यातून निघतानाच अपेक्षित किमतीपेक्षा १०-२० टक्के इकडेतिकडे असू शकतो. त्यात चिप तापली की ट्रान्झिस्टरची प्रवाह देण्याची क्षमता घटते. अशा भागांतून नेमका फिल्टर करायचा म्हणजे अशक्यच वाटावं. पण एक गोष्ट फार मोलाची आहे. एकाच चिपवर शेजारी शेजारी बनवलेले दोन भाग चुकतात तेही सारखेच.

म्हणून मुख्य फिल्टरशेजारी त्याचं जुळं भावंड बनवतात. मुख्य फिल्टरमधून खरा सिग्नल जात असतो, त्यात चाचणीचा सूर घालता येत नाही. जुळ्याला ते बंधन नाही. त्याला क्वार्ट्झ क्रिस्टलपासून मिळालेला पक्का सूर देतात आणि त्याच्या बाहेर पडणाऱ्या लहरीचा कोन तपासतात. कोन ढळला की जुळं सरकलं. मग नियंत्रणाचं व्होल्टेज इतकं बदलतात की कोन पुन्हा बरोबर यावा, आणि तेच व्होल्टेज मुख्य फिल्टरलाही देतात. चिप ३० अंशांवर असो की ८० वर, दोघं सोबत दुरुस्त होतात. मिहाई बानू आणि यानिस त्सिव्हिडिस यांनी अशी आपोआप जुळणी करणारा फिल्टर सीमॉस चिपवर करून १९८५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. रेडिओचा मोठा भाग चिपमध्ये शिरला त्यात या कल्पनेचा वाटा मोठा आहे.

आज बऱ्याच चिपांत याचं साधं रूप दिसतं. एक कंडेन्सर रेझिस्टरमधून भरू देतात आणि ठरलेल्या पातळीला पोचेपर्यंत क्रिस्टलचे ठोके मोजतात. उदाहरणार्थ, ४० ठोके अपेक्षित होते आणि ४४ भरले, तर किंमत दहा टक्के जास्त आहे. मग फिल्टरच्या कंडेन्सरचे छोटे तुकडे स्विचने तोडून ती खाली आणतात. हे चालू करतानाच एकदा केलं तर पुढची उष्णता हिशेबात येत नाही, म्हणून कामातल्या रिकाम्या क्षणी मोजणी पुन्हा करतात.

आतल्या थर्मामीटरवरून अंदाज बांधून फिल्टर हलवण्याचीही पद्धत आहे. ती स्वस्त पडते, पण मला मोजणी कितीतरी अधिक विश्वासाची वाटते. थर्मामीटर फक्त तापमान सांगतो. वर्षांनुवर्षांच्या वापराने झालेला बदल त्याला दिसत नाही. मोजणीत दोन्ही येतात.

आता तुम्ही विचाराल, क्रिस्टल नाही का सरकत? सरकतो, पण योग्य कोनात कापलेला क्वार्ट्झ दहा लाखांत काही भागांपुरताच, आणि फिल्टरला तेवढी चूक जाणवत नाही. शिवाय मोबाइल टॉवरच्या सिग्नलवरून आपली फ्रिक्वेन्सी सतत दुरुस्त करत असतो.

तुमच्या रेडिओसाठी : चालू केल्यावर अर्धा तास तापू द्या, मगच स्टेशन लावा, आणि त्याला खिडकीच्या उन्हातून हलवा. तरीही फार सरकत असेल तर जाणकार मेकॅनिककडून ऑसिलेटरच्या कॉइलजवळचा कंडेन्सर तपासून घ्या. पूर्वी कुणीतरी ‘एन ७५०’ काढून तिथे साधा बसवला असेल, तर इतकी वर्षं हे दुखणं त्यामुळेच असू शकतं.