सतरा सप्टेंबर : तारीख एक, नावे अनेक

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, हे आपण शाळेत पाठ करतो. परंतु मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात सामील झालेले नव्हते आणि तिरंगा फडकविण्यास निजाम सरकारची बंदी होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, तर कासीम रझवीचे रझाकार गावोगाव दहशत पसरवीत होते. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या व १७ तारखेला निजामाने माघार जाहीर केली. म्हणून आपल्याकडे ध्वजवंदनाचा हा आणखी एक दिवस आहे.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत संस्थानाचे तीन भाग झाले. त्याबरोबर या दिवसाचीही जणू वाटणी झाली. आपण 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणतो. कर्नाटकात २०१९ पासून 'कल्याण कर्नाटक उत्सव दिन' म्हणतात. २०२२ साली तर हैदराबाद शहरात एकाच दिवशी दोन सरकारी समारंभ झाले. केंद्र सरकारने 'मुक्ती दिन' साजरा केला, तर तेलंगण सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन'.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. मुक्ती म्हटली की, कोणापासून, हा प्रश्न येतोच. जुलमी राजवटीपासून, की एका धर्माच्या माणसांपासून? 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतातील विलीनीकरणाची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. ते मुसलमान होते. दुसरीकडे, कारवाईच्या काळात व नंतर झालेल्या हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली. मृतांची संख्या तिने किमान २७ ते ४० हजार मानली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. तो अहवाल अनेक वर्षे प्रसिद्ध झाला नाही.

माझी आजी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. रझाकारांच्या भीतीने ज्वारीच्या पिकात काढलेल्या रात्री ती सविस्तर सांगते. 'पोलीस ॲक्शन'नंतरचे विचारले की गप्प होते. एकदाच म्हणाली, "मागनं आपल्या गल्लीतलं तांबोळ्याचं घर रिकामं झालं. ती माणसं पुन्हा आली न्हाईत."

शाळेत असताना या दिवशी मी भाषण केले होते. ज्वारीतल्या रात्री सांगितल्या, टाळ्या मिळाल्या. रिकामे घर मात्र सांगितले नाही. माझा एक मुसलमान मित्र समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होता. ती आठवण आजही मला बोचते.

लढ्यातील हुतात्म्यांचा मान त्या घराचा उल्लेख केल्याने कमी होत नाही, असे मला वाटते. त्या काळची माणसे आता थोडीच उरली आहेत. पुढच्या सतरा सप्टेंबरला ध्वजवंदन झाल्यावर आपण विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. हिंदूंच्या घरी जावे, मुसलमानांच्याही जावे, आणि ती सांगतील ते सारे उतरवून घ्यावे.