घरची वही

मंडळी, आपण अक्षरे शिकलो. सही करू लागलो. एस.टी.ची पाटी वाचू लागलो. दुकानाची पावती आपली आपण तपासू लागलो. आता शिकलेले विसरू नये म्हणून रोज थोडे लिहिले पाहिजे. पण लिहावे काय? आम्ही म्हणतो, आपल्या घराचे लिहावे.

राजांचे आणि पुढाऱ्यांचे लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या घरचे लिहायला बाहेरून कोण येणार? ते आपणच लिहिले पाहिजे.

वही कशी असते?

एक जाड वही घ्यावी. तीत घरातल्या घडामोडी लिहाव्यात आणि घरातले लहानसहान कागद चिकटवावेत. लग्नाची पत्रिका, बारशाचा फोटो, नागपूरला गेलो त्या दिवसाचे एस.टी.चे तिकीट, पेरलेल्या बियाण्याच्या पिशवीवरचे नाव, लेकराच्या पहिल्या झबल्याचा तुकडा, असे काहीही चालते. शहरात अशा वहीला स्क्रॅपबुक म्हणतात. शाळेतली मुले चिकटवही म्हणतात. आपण तिला घरची वही म्हणू.

कोणी म्हणेल, "आमच्या घरात लिहिण्यासारखे आहे तरी काय? रोज उठायचे आणि वावरात जायचे." पण ज्याला आपण रोजचे म्हणतो, तेच आधी विसरले जाते. आपली आजी जात्यावर कोणती गाणी म्हणत होती? आपल्या आज्याने विहीर कोणत्या साली खोदली? त्या विहिरीला किती हातांवर पाणी लागले? माहीत असलेले माणूस गेले, की उत्तरही गेले.

लिहिले म्हणून राहिले

जळगाव जिल्ह्यात असोदे नावाचे गाव आहे. बहिणाबाई चौधरी तिथल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना आणि शेतात काम करताना त्या स्वतः गाणी रचून म्हणत. चूल, जाते, शेत, माहेर, सासर हेच त्यांच्या गाण्यांचे विषय. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातला एक मुलगा यांनी ती गाणी वहीत उतरून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. पुढे आचार्य अत्रे यांनी ती वही पाहिली आणि गाणी छापलीच पाहिजेत असा आग्रह धरला. १९५२ साली पुस्तक निघाले. आज शाळेतली पोरे ती गाणी शिकतात. जी कोणी उतरून घेतली नाहीत, ती बहिणाबाईंबरोबर गेली.

विचार करा. तशा गाणाऱ्या बाया आपल्याही गावात होत्या. त्यांच्या घरात वही नव्हती, एवढाच फरक.

नागपूरची गोष्ट

आता आपल्या नागपूरकडे पाहू. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमीचा दिवस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी लाखो माणसे जमली. ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून सर्वांना माहीत आहे.

त्या दिवसाचे कार्यक्रम पुस्तकांत आहेत. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी केलेले भाषण छापलेले आहे. पण आपल्या गावची माणसे कशी आली? पायी आली, की रेल्वेने? पदरात भाकर कोणती होती? रात्री कोठे निजली? अंगावरची पांढरी साडी विकत घेतली, की मागून आणली? हे मोठ्या पुस्तकात कसे सापडणार? ते त्या त्या घरालाच ठाऊक. त्या दिवशी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना आजच विचारले पाहिजे.

काही लोकांनी हे काम वेळेवर केले. नागपूरचे वसंत मून यांनी 'वस्ती' नावाचे पुस्तक लिहिले. ते १९९५ साली छापले गेले. सीताबर्डीजवळच्या ज्या वस्तीत ते वाढले, तिथली माणसे, आखाडा, सण आणि भूक त्यात आहे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघींनी चळवळीतल्या बायांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचे पुस्तक १९८९ साली निघाले. पुस्तकाचे नावच पाहा. ज्या बायांना कोणी विचारत नव्हते, त्यांनाही सांगण्यासारखे खूप होते.

आपल्याला पुस्तक छापायचे नाही. आपल्याला एक वही भरायची आहे. काम तेच आहे.

विचारावे कसे?

म्हाताऱ्या माणसाला नुसते "साल सांगा" म्हटले, तर साल आठवत नाही. मोठी घटना धरून विचारावे. एका घरची सून आपल्या सासूला विचारते आहे, असे समजा.

सून : आत्याबाई, तुमचं लगन कधी झालं?

सासू : सन-गिन मले काय माहीत, बाई? मोवाडले पूर आला ना, त्याच सालचा वैशाख होता.

सून : मोवाडचा पूर १९९१ च्या जुलैत आला. म्हणजे तुमचं लगन त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात झालं. जेवण काय होतं?

सासू : वांग्याची भाजी अन् बुंदी. निंबाखाली पंगत बसली होती. पण हे सारं तू लिहून कावून राहिली?

सून : तुमच्या नातीले वाचाले ठेवते.

सासू : मंग थांब. माह्या मायनं मले काय काय देलं, तेही लिही.

पाहिले ना? आधी "कावून लिहिते" म्हणणारी सासूच पुढे सांगू लागली. पूर, दुष्काळ, निवडणूक, गावात वीज आली ते वर्ष, अशा खुणा धराव्यात. सांगणाऱ्याचे शब्द जसे असतील तसेच लिहावेत. त्याची बोली शुद्ध करू नये. वाचताना त्याचा आवाज कानी आला पाहिजे.

एक पान पाहू

"श्रावण अमावास्या, पोळा. काल बैलांची खांदशेकणी केली. आज पाऊस नव्हता. तोरणाखाली आपली जोडी तिसरी होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान्याचा लाकडी बैल सजवला. बैल त्याच्या आज्याने सागाचा केला आहे. दहा रुपये बोजारा मिळाला. संध्याकाळी बैलाचे एक चाक मोडले. लहान्या रडला."

या पानाशेजारी बैलाच्या शिंगाची थोडी बेगड चिकटवली आहे. बस, झाले पान. लिहायला पाव तास लागला. लहान्या मोठा झाला, की हे पान त्याला कोणत्याही दागिन्यापेक्षा आवडेल.

वहीत सुखाचेच लिहावे असे नाही. संत्र्याचा बहार गळाला, कपाशीला भाव मिळाला नाही, घरात कोणी वारले, तेही लिहावे. त्या वर्षी घर कसे तरले, हे पुढच्यांना कळले पाहिजे. मात्र ज्याने कोणाची अब्रू जाईल, ते लिहू नये. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याला विचारूनच लिहावी.

कागदाचा मोल

घरच्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. मुलांना जातीचा दाखला काढताना जुने कागद लागतात. आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. आज्याचा, पणज्याचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद अशा वेळी कामी येते.

आपली वही हा सरकारी पुरावा नव्हे. पण पुरावा कोठे शोधायचा, हे वही सांगते. पणज्याचे पूर्ण नाव काय, तो कोणत्या गावी जन्मला, कोणत्या शाळेत गेला, हे लिहिलेले असेल तर हेलपाटे वाचतात. म्हणून पहिल्या पानावर घराची वंशावळ लिहावी. सुनांची माहेरची नावे आणि गावेही लिहावीत. वंशावळीत बाया गाळू नयेत.

नवीन जन्म झाला, की २१ दिवसांच्या आत सरकारी नोंद करून दाखला घ्यावा. वहीत नोंद केली म्हणून तिकडची चुकवू नये.

चिकटवावे कसे?

१. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवावा. चांगली खळ होते. ती पातळ लावावी. जाड लावली तर कसर आणि झुरळे लागतात.

२. बुकबाइंडर खळीत थोडा मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे. घरात लेकरे असतील तर तो घालू नये.

३. कागद चिकटवून वही फुगते. म्हणून दर दोन पानांनंतर एक पान, शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून, कापून टाकावे.

४. सात-बारा, पासबुक, दाखले असे कामाचे कागद कधीही चिकटवू नयेत. ते पाकिटात ठेवावेत.

५. फोटोला खळ लावू नये. पानाला चार तिरप्या चिरा पाडून त्यांत फोटोचे कोपरे खोवावेत. फोटोमागे मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि साल लिहावे.

६. मोबाइलमधले फोटो मोबाइल बिघडला की जातात. वर्षातले चार-पाच चांगले फोटो कागदावर काढून आणावेत.

७. वही सुती कापडात बांधून पेटीत ठेवावी. कडूनिंबाचा वाळलेला पाला घालावा. पेटी ओल्या भिंतीला टेकवू नये आणि जमिनीवर ठेवू नये. वाळवी खालूनच येते. दिवाळीच्या साफसफाईत वही बाहेर काढून झटकावी.

जपलेला कागद किती उपयोगी पडतो, याचे एक उदाहरण सांगतो. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्याने एक जुनी शकावली जपून ठेवली होती. शकावली म्हणजे वर्षावार लिहिलेल्या नोंदी. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेला झाला, अशी नोंद तीत मिळाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज सरकारी शिवजयंती याच तारखेला होते. त्या घराने कागद वाळवीला दिले असते, तर ही नोंद आपल्या हाती आली नसती.

तेव्हा मंडळी, मोठी सुरुवात नको. आठवड्यातून एक पान भरले, तरी वर्षाला बावन्न पाने होतात. अक्षर वेडेवाकडे आले तर येऊ द्या. शब्द चुकला तर चुकू द्या. घरातले कोणी शिकलेले नसेल, तर त्याने सांगावे आणि आपण लिहावे. त्याच्या हाताचा ठसाही पानावर घ्यावा. पण घरातले सर्वांत म्हातारे माणूस जिवंत आहे, तोवर पहिले पान लिहून काढा.

कठीण शब्द

बोजारा : तान्ह्या पोळ्याला मुलांना मिळणारी भेट
खळ : पिठाची चिकी
कसर : कागद खाणारा किडा
वंशावळ : घराण्यातल्या पिढ्यांची यादी

उत्तरे सांगा

१. बहिणाबाईंची गाणी कशामुळे टिकली?
२. कोणते कागद वहीत चिकटवू नयेत? का?
३. वही सरकारी पुरावा नसली, तरी तिचा काय उपयोग होतो?

करून पाहा

१. घरातल्या सर्वांत वडील माणसाला त्याच्या लहानपणाचा एक सण विचारा. तो सांगेल तसा, त्याच्याच बोलीत, दहा ओळी लिहा.
२. चार पिढ्यांची नावे लिहा. बायांची नावे आणि त्यांची माहेरची गावे विसरू नका.