फुटेज कशात साठवायचं

जठारपेठ, अकोला

चि. अनिकेत,


अमरावतीत घरगुती कॅमेऱ्यांसाठी तू सॉफ्टवेअर लिहितोयस आणि सगळं फुटेज व्हिडिओ दाबण्याच्या एच.265 पद्धतीतच साठवणार आहेस, असं ताईने सांगितलं. कॅमेरे बसवण्याच्या धंद्यात रोज जे ऐकतो, त्यावरून दोन शब्द लिहितो.

हिशेब तुझ्या बाजूने आहे. सेकंदाला 4 मेगाबिटने चालणारा एच.264 चा कॅमेरा दिवसाला 43 जीबी खातो. चार कॅमेरे लावले की 1 टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. 2013 साली आलेलं एच.265 तेवढ्याच स्पष्टतेला साधारण निम्मी जागा घेतं. पण रात्री इन्फ्रारेड दिवे लागले, चित्रात दाणे आले, पावसाळ्यात लेन्ससमोर किडे घोंगावले, अंगणातला कडुनिंब हलला, की एका फ्रेमचं दुसरीशी साम्य उरत नाही. बचत बहुतेक त्या साम्यावरच असते. बिटरेट बांधून ठेवलास तर चित्र फुटतं, मोकळा सोडलास तर डिस्क भरते. म्हणून चाचणी रात्रीच्या फुटेजवरच घे.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. चोरी झाली की फुटेज तू बघत नाहीस. ते घरच्यांच्या जुन्या फोनवर, शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर, ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर उघडावं लागतं. 2003 चं एच.264 जवळपास कुठेही उघडतं. एच.265 ब्राउझरमध्ये कधी चालतं, कधी नुसता काळा पडदा. मग ऐनवेळी ते एच.264 मध्ये बदलून द्यायचं, असा विचार असेल तर मूळ फाइलला हात लावू नकोस. दुसऱ्यांदा दाबलेल्या चित्रात एमएच 27 च्या पाटीवरचे 3 आणि 8 सारखेच दिसू लागतात. शिवाय जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा खटला वाच. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2020 मध्ये निकाल लागला: मूळ यंत्र हजर केलं नाही, तर कोर्टात अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाने त्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही मागितला आहे. फाइल नव्याने दाबली की हॅश बदलतो.

तेव्हा कॅमेऱ्याकडून येईल तसंच डिस्कवर उतरव. हालचाल ओळखायला कॅमेऱ्याची लहान चित्राची सब-स्ट्रीम पुरते, मेन स्ट्रीम उलगडायची गरज नाही. आय-फ्रेम, म्हणजे स्वतंत्र पूर्ण चित्र, दर दोनेक सेकंदांनी येऊ दे. आणि फाइल मिनिटामिनिटाच्या कर बाबा. एमपी4 ची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. मे महिन्यात लाईन गेली, इन्व्हर्टरही बसला, की तासाभराची फाइल अर्धवट राहते आणि उघडतच नाही. इथे हे उन्हाळाभर होतं.

एव्ही1 तूर्त सोड. 2018 मध्ये आलं, चांगलं आहे, पण घरगुती कॅमेऱ्यांत अजून फारसं दिसत नाही.

मूळ सेटिंग एच.264 च ठेव. एच.265 ज्याला हवं तो निवडेल. जागा कमी पडत असेल तर ग्राहकाला मोठी डिस्क घ्यायला सांग.

तुझा,
मामा