पुढील प्राचार्य कोठून आणावयाचे?

भुसावळ, यावल, रावेर या भागांतील केळीचा बागाईतदार घड कापून झाल्यावर पुढील पिकाचा विचार करीत नाही. तो आधीच जोमदार पील राखतो. म्हणूनच पिलबाग उभी राहते. ज्या ग्रामीण महाविद्यालयांस आपण वर्गणी व जमीन दिली, त्यांच्याविषयी ही दूरदृष्टी आपण दाखवितो काय? प्राचार्य निवृत्त झाले म्हणजे धावाधाव सुरू होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी प्राचार्यपदास पीएच. डी. व १५ वर्षांचा अनुभव आवश्यक ठरविला. मुदत मात्र ५ वर्षे, व काम पाहून आणखी ५. अर्थात मनुष्य तयार होण्यास लागणारा काळ त्याच्या कारकीर्दीहून मोठा आहे.

साताऱ्याचा दाखला पाहावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. शाळा वाढवावयाच्या तर शिक्षक हवेत, हे ओळखून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास अध्यापन विद्यालय काढले. शिवाजी महाविद्यालय मागाहून, १९४७ साली निघाले. संस्थेच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परतले, त्या महाविद्यालयाचे प्राचार्य व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आपण काय करावे?

१. होतकरू तरुण अध्यापकाकडे दरसाल एक खरे काम जबाबदारीने सोपवावे : एक वर्ष वसतिगृहाचा हिशेब, दुसऱ्या वर्षी प्रवेश, तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रक.

२. त्यास गावोगाव पाठवावे. कापूस वेचणीच्या दिवसांत मुले वर्गातून का नाहीशी होतात, हे पालकांच्या ओट्यावर बसूनच कळते.

३. कार्यकारी मंडळाच्या सभेस बसवून त्याचे मत विचारावे.

४. निवड करताना नाते व जात पाहू नये. स्त्री-अध्यापकांस वगळू नये.

महसूल खात्यात कारकून असता आम्ही अनेकदा दप्तराचा भार घेतला. कागद एका दिवसात मोजून मिळत. पण कोणत्या बांधाचा तंटा कशाने पेटतो, हे दप्तरात नसे. ते जुन्या मनुष्याबरोबर हिंडूनच शिकावे लागे.

कोणी म्हणतील, तयार केलेला मनुष्य अन्यत्र गेला तर? एखादा जाईलही. वाऱ्याने एखादे पील मोडते, म्हणून कोणी बाग ठेवण्याचे सोडीत नाही. सभासद बंधूंनी आपापल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत हा एकच प्रश्न विचारावा : प्राचार्यांमागून कोण, आणि त्याची तयारी आज कोठवर आली?