गाणारा मोठा कशाने? विष्णुबुवा पलुसकरांच्या चरित्रावरून थोडा विचार

नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. तेव्हा आपल्या मंडळींत गाणाऱ्यांविषयी बोलणे निघतेच. अमक्या बुवांचा आवाज पहाडी, तमक्यांची चाल गोड, फलाण्यांच्या कीर्तनाला मांडव पुरत नाही. हे सारे ठीक. पण गाणारा गेल्यावर पन्नास-शंभर वर्षांनीही त्याचे मोठेपण टिकते ते कशाने, हे सहसा कोणी विचारीत नाही. सज्जनहो, या वेळी तेच पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या चरित्रावरून पाहू.

विष्णुबुवा 1872 साली कुरुंदवाडास जन्मले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी दारूकामाने डोळे भाजून दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि 1896 साली बाहेर पडले. त्या काळी गाणे राजेरजवाड्यांच्या पदरी. गवयाचे गाणे आवडीने ऐकत, पण त्याला मानाने पंक्तीला बसवताना विचार करीत. आणि विद्या घराबाहेर जायची नाही. वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राबावे, मर्जी झाली तर एखादी चीज पदरात पडावी. (आपल्याकडे तरी काय निराळे आहे? एखाद्या जुन्या विणेकऱ्याजवळ ठेवणीतल्या चाली असतात. विचारले तर म्हणतात, “सांगू की पुढच्या वारीला.” पुढच्या वारीला ते नसतात.)

बुवांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पदरी राजा नाही. भर लोकांच्या मदतीवर आणि मैफलीच्या उत्पन्नावर. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलिपी. जो येईल त्याने शिकावे. 1908 साली मुंबईस शाळा आली. तिथे इमारतीपायी कर्ज झाले, ते फिटले नाही, वास्तू हातची गेली. बुवा नाशिकला आश्रमात रामनामात राहिले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस वारले. त्या दिवशी हिशेब मांडला असता तर हा माणूस हरला असेच कोणीही म्हटले असते.

जाणत्यांचा एक आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे : कागदावरून का गाणे येते? आक्षेप खरा आहे असे आम्हांस वाटते. कागदावर स्वर उतरतात. दम उतरत नाही. बुवांचे नामवंत शिष्यही घंटेच्या तासावर नव्हे, त्यांच्याजवळ राहूनच तयार झाले. पण वर्गात बसून गेलेल्या साध्या माणसाला निदान ऐकावे कसे हे कळू लागले. हे काही थोडे नव्हे. ऐकणाराच नसेल तर गाणाऱ्याने गावे कोणापुढे?

आणि त्या शिष्यांनी काय केले ते पाहा. बुवा गेले त्याच साली त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली पुण्यास विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदु विद्यापीठात शिकवू लागले. बा. र. देवधरांनी मुंबईत कुमार गंधर्वांना घडवले. कुमारांचे गाणे तर बुवांसारखे मुळीच नाही. त्यांनी कबीर गायिला, तुकोबा गायिले, ते आपल्याच रीतीने. आमच्या मते बुवांच्या थोरवीची मोठी खूण हीच. नुसती नक्कल करणारे शिष्य ठेवून जाणारे गवई पुष्कळ. त्यांचे नाव एका पिढीपुढे जात नाही.

आता एकच गोष्ट सांगावयाची राहिली. बुवा गेले तेव्हा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा. बापाला त्याला पुरते शिकवता आले नाही. विद्या कुलुपात ठेवली असती तर ती तिथेच संपली असती. पण बुवांनी ती दुसऱ्यांच्या मुलांना दिली होती. त्यांतलेच विनायकबुवा आणि नारायणराव व्यास यांनी ती या पोराला दिली. दत्तात्रेयही 1955 साली, चौतिसाव्या वर्षी, गेला. त्याच्या रामभजनांच्या तबकड्या मात्र निघाल्या होत्या, आणि त्यांतला तो निवळ, शांत आवाज आजही ऐकावयास मिळतो.