भात सोडण्याआधी गोळ्यांचे पाकीट दाखवा

हल्ली मधुमेहाचा रुग्ण तपासायला बसला की एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरसाहेब, भात-पोळी पार बंद करून नुसती अंडी, मटण, पनीर, तूप खाल्ले तर साखर जाते म्हणतात. खरे काय?" सूरजागडच्या खाणीवर कामाला आलेले लोक, ट्रकचालक, आश्रमशाळेतले गुरुजी, किराणा दुकानदार, सगळ्यांच्या मोबाईलवर हा 'कीटो आहार' पोचला आहे. म्हणून आज त्याविषयी.

कीटो आहार म्हणजे काय?

भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर, गूळ या पदार्थांतून शरीराला ग्लुकोज मिळते आणि त्यावर शरीर चालते. हे पिष्टमय पदार्थ दिवसाला २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली आणले, तर शरीर चरबी जाळू लागते. त्या वेळी यकृतात जे पदार्थ तयार होतात त्यांना कीटोन म्हणतात. एका वाटी भातातच जवळपास ३० ग्रॅम पिष्ट असते. त्यावरून हे पथ्य किती कडक आहे ते लक्षात येईल.

हा आहार मुळात मधुमेहासाठी निघाला नाही. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या फेफऱ्याच्या काही मुलांना तो आजही देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दिवसातून दोनदाच जेवण्याची जी पद्धत महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे घरोघरी माहीत झाली, ती वेगळी. दोन्हींची गल्लत करू नये.

फायदा होतो का?

होतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२१ साली २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कमी पिष्टाचा आहार घेणाऱ्या मधुमेहींची साखर आणि वजन सहा महिन्यांत इतरांपेक्षा चांगले उतरले होते. परंतु बारा महिन्यांनी तो फरक बराचसा ओसरला. असे पथ्य जन्मभर पाळणे बहुतेकांना जमत नाही, हा माझाही अनुभव आहे. शिवाय तूप-लोण्याचा मारा केल्यास काहींचे वाईट कोलेस्टेरॉल वाढते.

मग धोका कुठे आहे?

धोका पानात वाढलेल्या अन्नापेक्षा पानाशेजारी ठेवलेल्या गोळ्यांत अधिक आहे. गोळीचा डोस तुमच्या जुन्या जेवणावर ठरवलेला असतो. जेवण बदलले आणि डोस तोच राहिला, तर गडबड होते.

पहिली गोष्ट ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांची आणि इन्शुलिनची. ही औषधे साखर खाली ओढतात. भात बंद आणि गोळी चालू, असे झाले की साखर ७० च्या खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बरळतो. स्टिअरिंगवर बसलेल्या ट्रकचालकाला असे झाले तर काय होईल, याची कल्पना करा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका फार कमी असतो.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही तिचा फायदा होतो. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात संपले, किंमत उतरली आणि ती खेडोपाडी पोचली. पण या गोळीनेही शरीरात कीटोन वाढतात. त्यात कीटो आहाराची भर पडली की कीटोन एवढे साचू शकतात की रक्त आम्लधर्मी होते. यालाच कीटोअॅसिडोसिस म्हणतात. वेळेवर उपचार न झाल्यास त्यात जीव जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१५ मध्ये या गोळ्यांबाबत तसा इशारा दिला होता.

यातली खरी फसगत अशी की, या प्रकारात रक्तातील साखर फारशी वाढलेली नसते. खाणीच्या ट्रकवरचा एक चाळिशीतला चालक माझ्याकडे आला होता. आठवडाभर फक्त अंडी, कोंबडी आणि पनीर, सोबत डापाग्लिफ्लोझिनची गोळी रोजच्यासारखी. दोन दिवस उलट्या, पोटात दुखणे, धाप. घरच्या यंत्रावर साखर १८८. "साखर तर बरी आहे, पित्त झाले असेल," असे म्हणून घरच्यांनी सोडा पाजला होता. त्याचा श्वास खोल आणि जलद होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, लघवीत कीटोन भरपूर. सलाईन लावून लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे सलाईनमधून ग्लुकोज आणि सोबत इन्शुलिन दिल्यावर चार दिवसांत तो घरी आला. एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

तिसरी गोष्ट लहानपणी किंवा तरुणपणी जडणाऱ्या टाइप १ मधुमेहाची. या रुग्णांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ नसतेच. कीटोनला लगाम घालणारे इन्शुलिनच असते. निरोगी माणसाचे कीटोन त्यामुळे मर्यादेत राहतात, या रुग्णांचे राहत नाहीत. "भात खात नाही, मग इन्शुलिन कशाला?" हा विचार त्यांच्या जिवावर बेततो. इन्शुलिन कधीही बंद करू नये.

आपल्या भागासाठी चार गोष्टी

हा आहार लठ्ठ रुग्णांवर अधिक तपासला गेला आहे. आपल्या जंगलपट्टीत मात्र हडकुळे मधुमेही पुष्कळ दिसतात. त्यांचे वजन आणखी उतरवणे हिताचे नाही.

गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर नाश पावतात. त्यामुळे तीन महिन्यांची साखर दाखवणारी 'एचबीए१सी' तपासणी खोटी कमी येऊ शकते. अहवाल पाहून "मधुमेह गेला" असे समजू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासा.

मलेरियाचा ताप, उलट्या आणि मे महिन्याचे ऊन यांत शरीरातले पाणी आटते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि खाणीत राबणाऱ्या माणसाने अशा दिवसांत कीटो करणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आजारपणात जेवण जात नसेल तर ग्लिफ्लोझिन गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

मोहाची दारू उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरते आणि कीटोनही वाढतात. पथ्यात हे दुहेरी संकट.

कुणी करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, टाइप १ मधुमेही, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असलेले आणि हडकुळे रुग्ण यांनी हा आहार करू नये. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी ती गोळी चालू असताना तर मुळीच नाही. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंदही करू नये.

मग काय करावे?

मधला रस्ता आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवर आधारित २०२२ च्या अभ्यासात, नव्याने मधुमेह झालेल्यांनी आहारातील पिष्टाची ऊर्जा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावी आणि प्रथिने वाढवावीत, असे सुचवले आहे. भात पार सोडण्याची गरज नाही. अर्धे ताट भाजी : अंबाडी, तरोटा, शेवगा, वास्ते, जे हंगामात मिळेल ते. पाव ताट तूर किंवा उडदाचे वरण, अंडी, तळ्यातली मासोळी. उरलेल्या पाव ताटात भात किंवा ज्वारीची भाकर, दोन्ही नव्हे. ज्वारीतही पिष्ट असते, हे विसरू नका. चहातली साखर आणि बाटलीतली थंड पेये मात्र खरोखर बंद.

तरीही कुणाला कीटो करायचेच असेल, तर आधी सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंड आणि कोलेस्टेरॉल तपासा, डोस बदलून घ्या आणि सुरुवातीचे काही आठवडे साखर रोज मोजा.

साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

आणि उलटी, पोटदुखी, धाप, अति थकवा, गुंगी यांपैकी काही दिसले, तर यंत्रावरचा आकडा कितीही चांगला असो, १०८ ला फोन करा, "कीटोन तपासा" असे सांगा आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्या. पावसाळ्यात नाले भरले की आपल्याकडून एटापल्ली, अहेरी, गडचिरोली गाठायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून सकाळपर्यंत वाट पाहू नका.