कचरा कोणाचा?

मंडळी, गणपतीच्या स्मरणिकेसाठी कचऱ्यावर लेख लिहितो आहे असे सांगितल्यावर आमच्या सौ.नी कपाळाला हात लावला. पण गेल्या वर्षी उत्सवानंतरच्या शनिवारी जे पाहिले, ते इथेच लिहायला हवे असे मला वाटते.

आपल्या मंदिराजवळच्या प्राथमिक शाळेने त्या दिवशी ‘लिटर पिक’ ठरवला होता. म्हणजे सात ते दहा वर्षांची मुले, शिक्षक आणि पालक यांनी मिळून परिसरातला कचरा वेचायचा. आपल्या रविवारच्या मराठी वर्गातली पाच-सहा मुले त्याच शाळेत जातात. प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी सोबत यावे, असे शाळेने सुचवले. लांब दांड्याचे चिमटे, हातमोजे, चमकणारी पिवळी जाकिटे आणि पिशव्या कौन्सिलने दिल्या होत्या.

आदल्या रात्री एका आजींचा फोन आला. त्या नुकत्याच नाशिकहून मुलाकडे आल्या होत्या. “डॉक्टर, आमच्या नातवाला शाळेत शिकायला घातलंय की रस्ते झाडायला?” मी हसून वेळ मारून नेली. पण खरे सांगतो, माझ्याही मनात तेच होते. मी फक्त त्याला ‘इन्फेक्शनचा धोका’ असे भारदस्त नाव दिले होते.

मुलांना मात्र जणू खजिना शोधायला निघाल्याचा आनंद! वेफर्सची पाकिटे, पेयांचे डबे, बाटल्या, सिगारेटची थोटके. एका शिक्षिका प्रत्येक वस्तूची नोंद वहीत करून घेत होत्या. फिरत फिरत आम्ही मंदिरामागच्या गल्लीत आलो. कुंपणाच्या झुडपात कागदी द्रोण, प्लॅस्टिकचे चमचे आणि आपल्याच उत्सवाची पत्रके अडकली होती. आपल्या वर्गातली एक आठ वर्षांची मुलगी माझ्याजवळ आली आणि मैत्रिणींना कळू नये म्हणून मराठीत हळूच म्हणाली, “काका, हा आपला कचरा आहे.” एरवी तिला मराठी बोलायला लावणे म्हणजे दिव्य असते!

त्या वाक्यावरून पुढच्या रविवारी मी वर्गात एक पाठ घेतला. तो थोडक्यात असा.

१. टाकलेली वस्तू जाते कुठे?
सिगारेटचे थोटूक कापसासारखे दिसते, पण त्यातला फिल्टर सेल्युलोज अॅसिटेट या प्लॅस्टिकचा असतो. तो लवकर कुजत नाही. पावसाबरोबर तो गटारात आणि तिथून ओढ्या-नद्यांत जाऊ शकतो. रिकाम्या बाटलीत शिरलेल्या चिचुंद्रीला गुळगुळीत काचेवरून पुन्हा वर चढता येत नाही. मिरजेला एम.बी.बी.एस. करताना आम्ही शिकलो होतो की डेंग्यूचा डास फुटक्या डब्यात, जुन्या टायरमध्ये आणि नारळाच्या करवंटीत साठलेल्या पाण्यात वाढतो. म्हणजे देश बदलला की कचऱ्याचा बळी बदलतो, एवढेच.

२. काळजी कोणती घ्यावी?
माझी भीती अगदीच खोटी नव्हती, पण तिच्यावर उपाय सोपे आहेत. धनुर्वाताच्या लसी वेळेवर झालेल्या असाव्यात. हातमोजे आणि चिमटा असल्याशिवाय काही उचलू नये. फुटकी काच, सुया आणि फेकलेले व्हेप यांना मुलांनी हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. एकदाच वापरायच्या व्हेपच्या विक्रीवर जून २०२५ पासून इथे बंदी आली, तरी पडलेले व्हेप सापडू शकते आणि त्यातल्या लिथियम बॅटरीने आग लागू शकते. सुई टोचलीच तर जखम चोखू नये. वाहत्या पाण्याखाली रक्त वाहू द्यावे, साबणाने धुवावे आणि लगेच वैद्यकीय सल्ला घ्यावा. काम संपले की साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नाही.

३. हे काम कोणाचे?
इथले रस्ते मुळातच स्वच्छ असतात असा आपला समज असतो. तो खरा नाही. १९५४ साली इथल्या विमेन्स इन्स्टिट्यूटच्या महिलांनी सभेत ठराव केला, त्यातून ‘कीप ब्रिटन टायडी’ ही चळवळ उभी राहिली. १९९० च्या कायद्याने रस्त्यावर कचरा टाकणे हा गुन्हा आहे. तरीही पिशव्या भरतातच.

आणि आपण? आपल्याकडे घर आरशासारखे लख्ख, पण उंबऱ्याबाहेरचे काम ‘त्यांचे’. ‘ते’ कोण, हे आपल्या समाजाने जातीवरून ठरवले होते. आजींच्या प्रश्नात आणि माझ्या भीतीत तेच दडलेले होते. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) नेमके यावर बोट ठेवले. परीट कुटुंबात जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी हातात खराटा घेई. गाव झाडून झाले की रात्री कीर्तन, आणि कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून उत्तरे काढून घेई. २००० साली महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले.

पाठ संपल्यावर नातवाला न्यायला आलेल्या त्या आजी थोडा वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. नेहमी सांगायचे. मीच विसरले.”

घरी बोलण्यासाठी प्रश्न
१. आज घरातून किती वस्तू एकदाच वापरून फेकल्या?
२. आपण न टाकलेला कचरा आपण का उचलावा?
३. जो माणूस आपला कचरा नेतो, त्याच्याशी आपण शेवटचे कधी बोललो?

दुसरा प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा आजींचा नातू म्हणाला, “कारण तो तिथेच आहे आणि आपणही तिथेच आहोत.” मला याहून चांगले उत्तर सुचलेले नाही.

यंदा महाप्रसादाला घरून स्टीलचे ताट-वाटी आणावी, ही मुलांची सूचना आहे. आरतीनंतर मागच्या गल्लीत एक फेरीही मारायची आहे. चिमटे मी आणतो. आजींनी येते म्हणून सांगितले आहे. आपणही या.

गणपती बाप्पा मोरया!